शेजाऱ्यांचे बांबू आणि माझे अंगण

नागभीडला शेजाऱ्यांनी घरावर मजला चढवला. त्यांच्या भिंतीला बाहेरून गिलावा करायचा, तर बांबूंची परांची माझ्या अंगणात उभारणे भाग होते. माझे धान कापणीनंतर याच अंगणात वाळते आणि कापणीला जेमतेम सहा आठवडे उरले होते.

शेजारी तांदळाचे व्यापारी. त्यांनी मोबदला म्हणून एक कट्टा तांदूळ देऊ केला. शेजाऱ्याकडून धान्य घ्यावे, पैसे मागू नयेत, ही आमच्याकडची रीत. माझा स्वभाव भिडस्त. शाळेच्या नोकरीत बदलीसाठीही मी कधी साहेबांपुढे तोंड उघडले नाही. तरी एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. तांदूळ घेतला, तर ते बांबू पाहुणे होतील, आणि पाहुण्याला ‘जा’ म्हणता येत नाही.

“तांदूळ नको, भाडे द्या,” मी म्हणाले. “पहिल्या महिन्याचे तीन हजार, आगाऊ. दुसऱ्या महिन्याचे सहा.”

“काऊन बाई, माह्या पोराले शाळेत कधी रागावल्या नाई, अन् मले लुटून राह्यल्या?”

“तुमचा मुलगा वह्या वेळेवर द्यायचा.”

ते मोठ्याने हसले आणि खिशातून पैसे काढले.

सव्विसाव्या दिवशी ते स्वतः फाटकाशी आले. “पाहून घ्या बाई, एक बांबू राह्यला नाई. दुसरा महिना लावू नका.”

मी सावकाश अंगणभर फिरले, कोपऱ्यातले सुतळीचे तुकडे त्यांना उचलायला लावले आणि मगच होकार दिला.