ब्रेक लायनरच्या गोंदानं चिकटवलेली बॅट

अन्याय झाला तो माझ्या खोलीतल्या जोडीदारावर. कधी, तेही सांगतो: एकोणऐंशीच्या हिवाळ्यात, शनिवारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, कँटीनच्या हॉलमध्ये टेबल टेनिसची टीम निवडली तेव्हा. करणारा मालक नव्हता. आमचाच माणूस होता.

आम्ही दोघं भोसरीत राहायचो. तो बीडकडचा, लेथवर टेंपररी. टेंपररी माणसाला सात महिने भरायच्या आत कमी करायचे आणि पुन्हा गेटवर उभं करायचे. एकच वाट होती: कंपनीच्या टीममध्ये आलेल्याला परमनंट करत. कागदावर कुठंच नव्हतं, पण रिवाज होता. आणि हा खेळायचा असा, की स्टाफमधले साहेबसुद्धा जेवणाचे डबे उघडे टाकून बघत बसायचे.

त्याच्याकडे परदेशी, स्पंजवाल्या रबरांची एक जोडी होती. पुण्यात एका सामन्यात त्याच्याकडून हरलेल्या खेळाडूनं खूश होऊन दिलेली. ती लाकडाला चिकटवायची होती. कशानं? सुताराच्या पांढऱ्या गोंदातलं पाणी लाकूड फुगवणार. चपलेचं पिवळं सोल्यूशन एकदा लावलं की रबर पुन्हा निघणार नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन मला बरं वाटत होतं. पण मी युनियनची पत्रकं लिहिणारा, मला यातलं काय कळतं?

म्हणून क्रीडा समितीच्या सेक्रेटरीकडे गेलो. भोसरी गावचाच, आमच्याच खात्यातला, स्वतः चांगला खेळणारा. माझ्या पत्रकावर निवडून आलेला. ‘कामगाराचा माणूस कामगारासाठी’ हे वाक्य माझं.

“पंक्चरचं?” तो हसला. “बॅटीत काय हवा भरायची हाय का? आरं, आपल्या खात्यात ब्रेक लायनर ज्यानं चिकटवत्यात, ते लाव. ट्रक थांबतोय राव त्याच्यावर. तुझं रबर काय घिऊन बसलास!”

“स्पंज खराब नाही ना व्हायचा?” जोडीदारानं विचारलं.

“न्हाई रं. वरनं व्हाइसमध्ये आवळ. आमी काय तुझं वाईट सांगू व्हय?”

पटलं. का पटणार नाही? कारखान्यातल्या माणसाला घट्ट म्हणजेच चांगलं. आम्ही दोन लोखंडी प्लेटांमध्ये बॅट धरली, व्हाइसचा दांडा दोघांनी मिळून फिरवला आणि अख्खी शिफ्ट तशीच ठेवली. सोडवली तेव्हा कडेला सुई शिरत नव्हती. खोलीभर मिरवली ती बॅट आम्ही.

शनिवारी पहिला चेंडू पडला आणि टक्क आवाज आला, नुसत्या फळीवर पडल्यासारखा. गोंद स्पंजात मुरून कडक झाला होता. उरलासुरला स्पंज व्हाइसनं चेपला होता. चेंडूला फिरकी बसेना. समोर खेळत होता सेक्रेटरीचा मेहुणा. तोही टेंपररी, टीममध्ये रिकाम्या असलेल्या त्याच एका जागेसाठी.

दुसऱ्या गेमनंतर मेहुण्याच्या रबराची कड सुटली. सेक्रेटरीनं खिशातून पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब काढली. रबराला आणि लाकडाला बोटानं पातळ लावलं, सुकू दिलं, वरून बाटली फिरवली. हात सराईत होता.

“हे काय?” मी विचारलं.

त्याची मान खाली गेली नाही. “घरचा माणूस हाय राव. तू असतास तर काय केलं असतंस?”

मेहुणा निवडला गेला. आम्ही रबर ओढून काढायला गेलो, तर हातात चिंध्या आल्या. जोडीदार एवढंच म्हणाला, “जाऊ द्या भाऊ, म्याच ऐकलं त्याचं.” मला हेच जास्त लागलं. त्यानं ऐकलं ते माझ्या भरवशावर. महिन्याभरात त्याला कमी केलं आणि त्यानं खोली सोडली.

आता तुम्हाला सांगतो. तुमच्या खात्यातला समितीवाला सल्ला द्यायला आला, की तो स्वतः काय वापरतो ते आधी टेबलावर काढून ठेवायला लावा. त्याच जागेसाठी त्याच्या घरचं कोण उभं आहे, ते चारचौघांत विचारा. उत्तर देत नसेल तर त्याला खुर्चीवरून उतरवा. याच निवडणुकीत उतरवा.