गोळ्यांसाठी इचलकरंजी

सासऱ्यांना टीबी झाल्याचं कळलं तेव्हा घरात औषधाआधी ठरलं ते, कुणाला सांगायचं नाही. नणंदेला स्थळं येत होती. आमच्या शिवाजी पेठेतला दवाखाना हाकेच्या अंतरावर. गोळ्या फुकट, पण नर्ससमोर गिळायच्या, आणि दारावरनं सगळी गल्ली जाणार. म्हणून एक दिवसाआड एसटीनं इचलकरंजी गाठायची ठरली. सासऱ्यांना अशक्तपणा होता, सोबत मी.

गल्लीत सांगितलं, कापडाचा धंदा काढलाय. लगेच शेजारणीनं परकराचं कापड सांगितलं, तालमीतल्यांनी लंगोटाचं. अंगात ताप असलेला माणूस गोळ्या गिळून दुकानं हिंडायचा आणि मी गठ्ठे वाहायची.

एकदा इचलकरंजीच्या दवाखान्यातल्या बाकावर आमच्या समोरच्या घरातले गृहस्थ दिसले. सासरे पेठेतल्या एका फुटबॉल क्लबाचे, ते दुसऱ्या. एका गोलच्या भांडणावरनं दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं.

"हिकडं कुठं?" सासऱ्यांनी विचारलं.

"पावण्याकडं आलतो. तुम्ही?"

"कापडाला."

"दवाखान्यात?"

तेवढ्यात नर्स पाण्याचा तांब्या घेऊन आली. "आधी कोण गिळतंय?"

सासरे म्हणाले, "घ्या तुम्ही."

परतीच्या एसटीत दोघं शेजारी-शेजारी बसले. गृहस्थांनी सांगितलं, आधी पेठेतच औषध चालू होतं. ओळखीच्या एकानं दारात बघितलं आणि त्यांनी जाणं सोडलं. आजार उलटला, आता गोळ्यांबरोबर इंजेक्शनंही होती.

"आमच्यात माझं ताट येगळं ठेवत्यात," सासरे म्हणाले. "डॉक्टर नको म्हणत असताना."

"माझं तर घरामागं परड्यात ठेवत्यात," गृहस्थ म्हणाले, आणि दोघंही खोकला येईपर्यंत हसले.

दोघांना एकत्र उतरताना बघून गल्ली हादरली. संध्याकाळी सासऱ्यांच्या क्लबाची चार माणसं घरी आली. "आण्णा, खरं सांगा. क्लब बदलला काय?"

सासऱ्यांचा तोल गेला. "टीबी झालाय मला. त्याच्या गोळ्या खायला जातोय. क्लब कशाला बदलीन?"

चौघांचा जीव भांड्यात पडला. "मग हरकत न्हाय. आम्ही काय काय ऐकलं हुतं."

एवढं झाल्यावर लपवायचं काही उरलं नाही; एसटीतल्या सोबतीवरनं गृहस्थांचंही गल्लीनं ओळखलं. दोघं पेठेतल्याच दवाखान्यात जाऊ लागले. नणंदेचं एक स्थळ मोडलं, काहींनी आमच्याकडचा चहा सोडला. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, मग सासऱ्यांचं ताट मात्र पंगतीत आलं.

आणि त्या चौघांतला एकजण, जो पावसाळ्यापासून खोकत होता, सकाळी दारात येऊन म्हणाला, "जाताना मलाबी हाक मारा की."