चार इंची कब्जा

आमच्याकडे दाराच्या बिजागरीला कब्जा म्हणतात. हे माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला जन्मापासून ठाऊक आहे. तरीही त्या शब्दापायी तो पुसदहून मिळेल त्या एस.टी.त बसून माझ्याशी भांडायला आला.

दिग्रसच्या घरात आई एकटी राहते. मी यवतमाळला, भाऊ पुसदला. वडील गेल्यापासून घर कोणाच्या नावावर करायचं, हा विषय आम्ही दोघंही टाळत होतो. सणाला भेटायचो, कापसाच्या भावावर बोलायचो, उठायचो.

त्यात न्हाणीचं दार लटकलं. उघडताना फरशीवर घासायचं. तिथं अर्धगोल चरा उमटला होता. आई ते दोन्ही हातांनी वर उचलायची, कंबरेनं ढकलायची, तरी आतली कडी लागत नसे. मग तिनं रीत पाडली : दाराबाहेर पालथी बादली दिसली की आत माणूस आहे. एका पाहुण्यानं ती बादली आंघोळीसाठी उचलली, त्या दिवशी आईचा मला फोन आला.

मला सुतारकाम येत नाही, पण सुताराची नक्कल फर्मास येते. कानावर पेन्सिल खोचली, एक डोळा मिटून दाराकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "खालून रंधा मारा लागते." रंधा मागायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर दुकानदारानं माझं नाटक पहिल्याच अंकात पाडलं.

"दार वाढलं नाही भाऊ, लटकलं. खालून कापू नका. वरचा कब्जा पाहा."

घरी येऊन पाहिलं. वरच्या कब्ज्याचे स्क्रू बोटानं हलत होते. चौकटीतली भोकंच रुंदावली होती. परत जाऊन चार इंची नवा कब्जा आणि लांब स्क्रू घेतले. दुकानाच्या पायरीवरूनच घरच्या ग्रुपवर लिहिलं, "दिग्रसले आलो. कब्जा घेतला. दुपारपर्यंत बसवतो."

दार उतरवलं, भोकांत गोंद लावून बांबूच्या काड्या ठोकल्या, गोंद वाळायची वाट पाहत बसलो, आणि भाऊ अंगणातून ओरडतच आत आला.

"आमी मेलो काय रे दादा? मायची सही घेतली का?"

"कायची सही?"

"कब्जा घेतला, लिवलं ना तू! बायकोनं वाचून दाखवलं मले."

मी खिशातून नवा कब्जा काढला आणि त्याच्या डोळ्यांसमोर दोन वेळा उघडमीट केला. आता हा हसेल, म्हणून मी थांबलो. त्यानं कब्जा पाहिला, न्हाणीची उघडी चौकट पाहिली, आणि पालथ्या बादलीवर बसला.

"तुले खरंच तसं वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं."

एवढंच. त्यानं सारवासारव केली नाही. मी चौकटीतला गोंद वाळला का, ते बोटानं दाबून पाहिलं.

"ऊठ, दार धर," मी म्हणालो. दार एकट्यानं बसत नाही. त्यानं ते खांद्यावर तोललं, मी खाली पाचर सरकवली आणि स्क्रू पिळू लागलो. त्याचं तोंड माझ्यापासून वीतभर दूर, पण दाराच्या पलीकडे. तेवढ्या आडोशानं मला धीर आला.

"लिवतानाच दुसरा अर्थ दिसला होता मले," मी म्हणालो. "हसलो, अन् तसाच पाठवला."

दार डगमगलं. "सोडू का तुह्या पायावर?"

"दोन स्क्रू राह्यले. मंग सोड."

"हासाचं काय होतं तेच्यात?"

काहीच नव्हतं. तो काय म्हणतो ते मला न विचारता पाहायचं होतं. घराचा विषय काढायची हिंमत नव्हती, म्हणून मी त्याच्या दारात फटाका टाकून पळालो होतो. हे सगळं मी त्याला सांगितलं. तोंडात दोन स्क्रू धरून सांगितल्यामुळे त्याला किती कळलं कोण जाणे. त्यानं दार खांद्यावर नीट घेतलं. मग म्हणाला, "मी बी विचारू शकत होतो. फोन होता ना."

दार बसलं. भाऊ पुन्हा बादलीवर टेकला. आईनं सवयीनं ते दोन्ही हातांनी उचलून कंबर लावली; हलकं झालेलं दार सपकन फिरलं आणि ती दारासकट आत गेली. आतून कडीचा आवाज आला. पहिल्या फटक्यात.

"ऐका रे दोघंही," आई आतून बोलली. "मी हाय तवरक घराचा कब्जा माहा. मंग दोघाइचा, सारखा. आता कोनी कोनाले इचारू नका. अन् बादली बाहेरच राह्यली माही."

भाऊ बादलीवरून उठला आणि ती घेऊन दारापाशी गेला. त्या न्हाणीच्या दारावर टकटक करायची वेळ कित्येक महिन्यांत आली नव्हती.

जाताना त्यानं जुना गंजका कब्जा कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

"तो कायले?"

"बायकोले दाखवाले," तो म्हणाला. "नुसतं तोंडानं सांगतलं तर तिले पटन का?"

मग मात्र दोघंही हसलो.