चौथ्या रिळातली स्वयंपाकीण

मर्टल हॅस्किन्सने एकवीस वर्षांत एकशे चौदा चित्रपटांत काम केलं आणि त्यातल्या नव्वदांत तरी तिने दुसऱ्या कुणाचा तरी कोट हातात घेतला. दार उघडायचं, "बाईसाहेब आत आहेत" म्हणायचं, कोट घ्यायचा आणि निघून जायचं. तिचा चेहरा साऱ्या हॉलिवुडच्या ओळखीचा, नाव मात्र कुणालाच आठवत नसे. रस्त्यात लोक थांबवून विचारत, "तुम्ही आमच्या दंतवैद्याकडे असता ना?" ती हो म्हणून मोकळी व्हायची.

नेब्रास्काहून आली तेव्हा तिलाही नायिकाच व्हायचं होतं. आरशाने पहिल्याच वर्षी तिची समजूत काढली. मग एकच हाव उरली. एक प्रसंग हवा, तीन-चार मिनिटांचा, आपला म्हणता येईल असा, आणि तो पडद्यापर्यंत पोचायला हवा. असा प्रसंग तिला चारदा मिळाला आणि चारही वेळा त्याला कात्री लागली. स्टुडिओवाले नवा चित्रपट आधी जवळपासच्या एखाद्या गावात गुपचूप दाखवत, बाहेर पडणाऱ्यांच्या हातात कार्डं देत, आणि लोक त्यावर जे खरडतील ते पाहून काय ठेवायचं, काय कापायचं ते ठरवत. "कार्डांवर तुमच्याबद्दल अवाक्षर नाही हो, मिस हॅस्किन्स," हे वाक्य तिला पाठ झालं होतं.

सन अडतीसमध्ये पाचवा प्रसंग आला. श्रीमंताघरची स्वयंपाकीण. मुलगा खाणीत गाडला गेल्याची तार हातात पडते आणि नेमकी तेव्हाच जेवणाची घंटा वाजते. ती तार एप्रनच्या खिशात घालते आणि नऊ माणसांना सूप वाढते. बोलणं काहीच नाही. टेबलावरच्या कापडावर एक थेंब सांडतो, तेवढा ती पुसते. चित्रण संपलं तेव्हा वर दिवे धरून बसलेल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. ते लोक नायिकेसाठीही कधी टाळ्या वाजवत नाहीत.

दुसरी असती तर हरखली असती. मर्टल घरी आली ती घाबरूनच. ती राहत होती त्या बोर्डिंगात आणखी सहा जणी होत्या, सगळ्या याच धंद्यातल्या. लूला बेकविथ त्यांची पुढारी. जन्मभर गर्दीत उभी राहिली, पण तोरा नायिकेचा.

"हाही कापणार बघ," मर्टल म्हणाली.

"कार्डांवर नाव नसतं म्हणून कापतात ना? मग आपण लिहू की!" लूला म्हणाली.

"अगं, कुणाला कळलं तर?"

"कळायला आपल्याकडे बघतंय कोण? वीस वर्षं कॅमेऱ्यापुढे उभी आहे, माझ्या सख्ख्या आईला मी पडद्यावर सापडत नाही."

रिळांचे डबे नेणाऱ्या ड्रायव्हरला केक खाऊ घालून लूलाने गावाचं नाव काढून घेतलं. पमोना. शनिवारी सातही जणी जुन्या टोप्या डोळ्यांवर ओढून ट्रामने तिकडे गेल्या आणि संत्र्यांच्या बागवाल्यांत मिसळून बसल्या.

सूपचा प्रसंग आला आणि थिएटरातलं शेंगा खाणं थांबलं. मर्टलच्या शेजारी एक जाडजूड शेतकरी होता. त्याने रुमाल काढला आणि नाक शिंकरायचं सोडून तो नुसताच हातात धरून ठेवला. त्या घटकेला मर्टलला वाटलं, लूलाला सांगावं, राहू दे, नको काही लिहूस. पण चार वेळा दुधाने तोंड पोळलेलं. ती ताकही फुंकून प्यायली. लूलाला तिने थांबवलं नाही. बाहेरच्या दालनात सहा जणींनी मूठ-मूठ कार्डं उचलली आणि डाव्या हाताने, उजव्या हाताने, भिंतीला टेकून लिहीत सुटल्या. मर्टलने स्वतःही एक लिहिलं.

दहा दिवसांनी ऑटो क्रेब्सने तिला बोलावलं. हा फिल्म कापणारा म्हातारा. तिचे आधीचे चारही प्रसंग त्याच्याच कात्रीखाली गेले होते आणि त्याचं त्याला वाईट वाटत असे. त्याने टेबलावर कार्डांची एक चळत ठेवली.

"बाई, हे वाचा. 'चौथ्या रिळातली स्वयंपाकीण अप्रतिम.' पमोनाच्या बागवाल्याला चौथं रीळ कुठून कळलं? आणि हे: 'क्लोज-अप आणखी हवे होते.' अहो, पब्लिक असं लिहितं का कधी?"

मर्टलच्या तोंडचं पाणी पळालं. असली भाषा त्या रोज बोलत. ती इतरांची नसते, हे सातांपैकी एकीच्याही लक्षात आलं नव्हतं.

"वेनबाईंनी पाहिली ही सगळी," ऑटो म्हणाला. कॉर्डेलिया वेन ही चित्रपटाची नायिका. "त्यांनी थयथयाट केला. त्यावर स्टुडिओचे मोठे साहेब म्हणाले, स्वयंपाकिणीची सगळीच कार्डं बनावट. प्रसंग काढून टाका आणि त्या बाईचा करार पुढे चालवू नका."

एका नासक्या आंब्याने आढी नासते. इथे तर एकतीस होते.

"एकतीसच ना?" ती कशीबशी म्हणाली. "आम्ही एकतीस लिहिली."

ऑटोने चष्मा काढला. त्याने खणातून दुसरी चळत काढून पहिलीशेजारी ठेवली.

"एकूण अठ्ठ्याण्णव आहेत," तो म्हणाला. "उरलेली सदुसष्ट खरी आहेत, मी एकेक पाहिलं. कुणी लिहिलंय, माझा भाऊ असाच गेला. एकाने नुसतं लिहिलंय, ती सूप वाढणारी. तुम्ही काहीच केलं नसतं ना, तर त्या प्रसंगाला हात लावायची कुणाची हिंमत झाली नसती."

मर्टलने ती दुसरी चळत जवळ ओढली, पण वाचली नाही. वर तळहात ठेवून बसली.

"मला वाटलं," ती म्हणाली, "कुणी लिहिणारच नाही."

चित्रपट नाताळात लागला. तिने तिकीट काढून पाहिला. जेवणाची घंटा वाजते आणि पुढच्याच क्षणी सगळी मंडळी दिवाणखान्यात कॉफी पीत बसलेली दिसतात. मधलं काही गेलंय हे थिएटरात कुणालाही जाणवलं नाही.