चौऱ्याण्णव आकडे आणि गच्चीवरची टाकी

आमच्या गच्चीवरची टाकी भरण्याचं काम मी संगणकाकडे सोपवलं, ते आळसापोटी नव्हे, थकव्यापोटी.

ऐंशी सालानंतरची एक-दोन वर्षं. थेरगावात आमचं घर, भोसरीत माझी नोकरी. सकाळी नळाचं पाणी खालच्या हौदात पडायचं आणि तिथून मोटारीनं वर चढवायचं. मोटार लावायची सगळ्यांना आठवण, बंद करायची कुणालाच नाही! दिवसभर कंपनीत यंत्रांना अक्कल शिकवून (माझं कामच ते) घरी आलो की बायको दारातच म्हणायची, "अहो, आधी मोटार बंद करा, मग चपला काढा." रोज! माणसानं दमायचं तरी किती?

शेवटी साहेबांना विचारून कंपनीतलं शिकाऊंचं किट घरी आणलं. पाटीएवढा बोर्ड, त्यावर बटणं आणि लाल आकडे दाखवणारी खिडकी. प्रोग्रॅम असेंब्लीत लिहायचा, म्हणजे यंत्राला एकेक पाऊल त्याच्याच बोलीत सांगायचं, आणि मग ते सगळे आकडे बोटानं दाबून भरायचे. वीज गेली की सगळं साफ, पुन्हा पहिल्यापासून. माझं ठाम मत होतं की माणसाला शिस्त लागते ती असल्याच भाषेनं. कंपनीतली नवी मंडळी इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या सोप्या भाषांत लिहायची. त्यांना मी ऐकवायचो, "लाडावलात लेको! एकेक बाइट वाचवून बघा, मग कळेल!"

माझा प्रोग्रॅम चौऱ्याण्णव आकड्यांचा झाला. मोटार लाव, पाच मिनिटं थांब, टाकी भरली का बघ, भरली असेल तर बंद कर, पाच मिनिटं विश्रांती घे, पुन्हा बघ. पाच हा आकडा दोनदा लिहायचा कशाला? मी तो एकाच जागी ठेवला आणि दोन्हीकडून तिथेच जायचं. एक बाइट वाचला! त्या आनंदात मी भिंतीवरचं मोटारीचं बटणही काढून टाकलं. आता त्याचं काय काम?

आकडे भरताना वही वाचून दाखवायला धाकटी बहीण शैला बसायची.

"तीन-ई, शून्य-एक, डी-तीन... दादा, याचा अर्थ काय?"

"मोटार चालू."

"मग शेजारी तसं लिही की!"

"ज्याला कळतं त्याला लिहायची गरज नसते, शैले. पुढचं वाच."

त्याच आठवड्यात शैलाला बघायला कुरुळीची मंडळी येणार होती. याआधी दोन स्थळं येऊन पोहे खाऊन "कळवतो" म्हणाली होती, आणि अजून कळवतच होती. शैला चेष्टेवारी न्यायची, पण तिसऱ्यांदा साडी नेसायचा तिला कंटाळा आला होता, हे मला दिसत होतं. आईनं तर धसकाच घेतला होता. रविवारी दुपारी ती म्हणाली, "अरे, दर पाच मिनिटांनी ती मोटार घुर्र करते. पाहुण्यांपुढे बोलायचं कसं? तास-दीड तास तिला गप्प बसव बाबा."

"एवढंच ना?" मी विश्रांतीचे पाच काढून साठ केले.

शैला वेणी घालता घालता म्हणाली, "दादा, तो आकडा दोन ठिकाणी लागतो ना रे?"

"तू पोह्यांचं बघ!"

पावणेचारला मी प्रोग्रॅम सुरू केला. मोटार घुरघुरली. पाच मिनिटांत थांबेल म्हणून मी दाढीला बसलो. दाढी झाली, सदरा झाला, मोटार चालूच. तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. वरून टाकी भरभरून वाहायला लागली, आणि गच्चीचं ते सगळं पाणी नेमकं आमच्या उंबऱ्यापुढे कोसळलं. त्या वेळी तिथे शुभ्र धोतर, शुभ्र टोपी अशा थाटात मुलाचे वडील उभे होते.

"ह्ये काय वं पाव्हणं?" टोपी पिळत ते म्हणाले. "आमी पाय धुवायला पानी मागितलं तरी का?"

मी किटकडे धावलो. पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं. प्रोग्रॅम पहिल्या ओळीवर गेला. पहिली ओळ कोणती? मोटार चालू!

"अहो, मेन स्विच पाडा!" बायको ओरडली.

"नको! प्रोग्रॅम जाईल!"

"पाहुणे चाललेत वाहून!"

"चौऱ्याण्णव आकडे आहेत, मंदा!"

(हे वाक्य मी खरंच उच्चारलं. मुलाची आई पदर डोक्यावर धरून उंबऱ्यात उभी असताना उच्चारलं. लाज वाटते, पण उच्चारलं.) बायकोनं मला खांद्यानं बाजूला सारलं आणि खाडकन मेन स्विच पाडला. मोटार थांबली, लाल आकडे विझले, पंखाही थांबला. ओल्या पाहुण्यांना आईनं माझी लुंगी आणि स्वतःचं एक लुगडं दिलं. मुलगा मात्र रिक्षावाल्याशी बोलत मागे राहिल्यानं कोरडाच होता. गेलं हेही स्थळ, असं मनाशी म्हणत मी मटकन खाली बसलो.

मुलगा पिंपरीच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा. त्याची नजर सारखी किटकडे. शेवटी त्यानं वही उचलली. "दादा, चूक कुठं झाली?"

मी वही घेतली, बघितली, उलटी धरून बघितली. तीन-ई, शून्य-एक, डी-तीन. चार दिवसांपूर्वी मीच लिहिलेलं, आणि मलाच पत्ता लागेना!

"चोविसाव्या ओळीत," शैला म्हणाली. पोह्यांच्या बशा खाली ठेवून ती पुढे आली. तेव्हा कुठे मला दिसलं, समासात प्रत्येक आकड्यापुढे बारीक पेन्सिलीनं लिहिलं होतं. इथे मोटार चालू. इथे टाकी बघा. आणि चोविसाव्या ओळीपुढे, 'हा आकडा दोघांत सामायिक आहे, बदलू नये.' म्हणजे विश्रांतीबरोबर मोटार चालायचीही साठ मिनिटं झाली होती!

"हे तू कधी लिहिलंस?"

"तू विचारल्यावर खेकसायचास, म्हणून तू काय बडबडतोस ते टिपून ठेवलं."

मुलगा हसला. मग त्या दोघांचं जे सुरू झालं, ते पोहे गार होईपर्यंत. बटण भिंतीवर का हवं, वीज गेली तर काय, आकडा वेगळा ठेवायला किती बाइट. "एक," शैला म्हणाली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मुलाच्या वडलांनी माझी लुंगी सावरली. "काय रं, पसंत हाय का पोरगी?"

"मला आहे. पण त्यांना आधी विचारा."

आईनं शैलाकडे पाहिलं. शैलानं मान खाली घालून "हो" म्हटलं, आणि खरं सांगतो, मला रडू आलं.

"मग ठरलं," वडील म्हणाले. "साखरपुडा आमच्याकडं कुरुळीला करू. हितं नगं. पुन्यांदा कापडं वाळवत बसावी लागत्याल."

मी डोळे पुसले. एवढा घोळ घातल्यावर भावानं काहीतरी जबाबदारी नको का घ्यायला? म्हटलं, "कार्याला पाणी भरपूर लागेल. ते सगळं माझ्यावर सोपवा!"

"नको!" आमच्याकडची तीन आणि त्यांच्याकडची तीन, अशी सहाही माणसं एका दमात ओरडली. दोन्ही घराण्यांचं ते पहिलं एकमत, आणि ते माझ्यामुळे झालं.