अनुमोदक

अमळनेरजवळच्या आमच्या शाळेच्या पालक संघाचे सचिव सभेला सगळ्यांच्या आधी यायचे. संघ नोंदणीकृत, म्हणून त्यांचं एकच पालुपद, "कायद्यानं करू, भाऊ." गणसंख्या भरली नाही की सभा तहकूब करून अर्धा तास घड्याळाकडे बघत बसायचे. मग तीच सभा पुन्हा सुरू. तिला गणसंख्या लागत नाही.

परवा मी मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन निघालो, तर वर्गात ते एकटेच. अर्धा तास संपला होता. रिकाम्या बाकांपुढे उभं राहून त्यांनी ठराव वाचला : पटाअभावी शाळा बंद करू नये.

"सूचक मी शे," ते म्हणाले आणि दाराकडे, माझ्याकडे बघितलं. "अनुमोदक?"

हात वर करावा, तर हातात दाखला होता.