सात नंबर आणि आठ नंबर

घर विकणारा आणि घर घेणारा समोर येऊन बसले, की सहादू पगारे आधी त्यांना पाणी पाजत आणि मग खरेदीखत वाचायला घेत. पहिल्या ओळीपासून शेवटच्या साक्षीदाराच्या नावापर्यंत, अख्खं. ऐकणारे मोबाईल बघत, जांभया देत, ‘काका, सही कुठे करायची तेवढं सांगा’ म्हणत. पण वाचून झाल्याशिवाय सहादू पेन हातात देत नसत. त्यांची आई लासलगावला कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायची. न वाचलेल्या कागदांवर तिने आयुष्यभर अंगठे उठवले होते. आपल्या टेबलावर तरी तसं होऊ नये, एवढाच त्यांचा बाणा होता.

येवल्याजवळच्या गावातून ते नाशिकला शिकायला आले, बी.ए. झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि दस्तलेखकाचा परवाना काढून नोंदणी कार्यालयाबाहेर पत्र्याच्या शेडखाली टेबल टाकून बसले. त्याला चौतीस वर्षं झाली. टाइपरायटर गेला, संगणक आला. मग सगळंच ऑनलाइन झालं आणि मोठ्या बिल्डरांची कामं त्यांच्याच ऑफिसात व्हायला लागली. सहादूंकडे उरले ते जुन्या इमारतींमधले जुने लोक. वय चौसष्ट, मान सारखी दुखणारी. घरी सविताबाई रोज म्हणत, ‘बंद करा आता.’ ते म्हणत, ‘दिवाळीपर्यंत बघू.’ अशा तीन दिवाळ्या गेल्या होत्या.

अशातच एका सकाळी मालनबाई शिरसाठ यांचा फोन आला.

मालनबाई गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. मालक एसटीत कंडक्टर होते, ते जाऊन दहा वर्षं झाली होती. मुलगी राखी तिकडे हैदराबादला. दोन्ही गुडघ्यांनी संप केल्यापासून, म्हणजे दिवाळीच्या आधीपासून, बाई खाली उतरल्या नव्हत्या. भाजी दोरीला पिशवी बांधून वर ओढून घ्यायच्या. मागच्याच गल्लीत तळमजल्यावरचा एक फ्लॅट त्यांनी फोटोत बघून ठरवला होता. आपला विकायचा आणि तो घ्यायचा. त्या फ्लॅटचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता, पुढे नाही. आणि आता घेणाऱ्याच्या बँकेने कर्ज अडवलं होतं.

“बँकेचा माणूस म्हणतो, मी दुसऱ्याचंच घर विकतेय,” मालनबाई फोनवर म्हणाल्या. “पगारे भाऊ, तुमच्याच हातचा कागद आहे. बघा काय ते.”

सहादूंनी दस्त काढून पाहिला. बावीस वर्षांपूर्वीचं खरेदीखत, फ्लॅट नंबर सात. शेवटच्या पानावर दस्तलेखक म्हणून त्यांचं नाव आणि परवाना क्रमांक. घराच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहिलं होतं, त्यात पूर्वेस रस्ता आणि पश्चिमेस जिना. बँकेचा माणूस घराची किंमत करायला गेला, तर सात नंबरच्या पूर्वेला जिना होता आणि पश्चिमेला मागच्या बंगल्याची भिंत. रस्ता दिसत होता तो समोरच्या दारातून, आठ नंबरमधून.

सहादूंना फार वेळ लागला नाही. नकाशात फ्लॅटचे नंबर एका बाजूने टाकलेले होते आणि रंगाऱ्याने दारावर ते दुसऱ्या बाजूने रंगवले होते. ज्याला जे दार मिळालं तिथे तो राहायला गेला. आणि दोन्ही दस्त लिहिणाऱ्याने नकाशा पाहिला, घर पाहिलं नाही. त्या वर्षी काम फार होतं. एका दिवसात पाच-पाच, सहा-सहा खरेदीखतं. ती सगळी त्यांनी वाचून दाखवली होती, पक्षकारांनी मान डोलावली होती. पूर्वेस रस्ता म्हटल्यावर पूर्व कुठे आहे हे कुणी खिडकीशी जाऊन बघितलं नव्हतं, त्यांनीही नाही.

बँकेच्या वकिलाला ते म्हणू शकले असते, बिल्डरची चूक आहे. अर्धी तशी होतीही. ते गप्प राहिले आणि दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर हात ठेवत तीन मजले चढून गेले.

वर चार फुटांचा बोळ होता. समोरासमोर दोन दारं. सात नंबरचं उघडं आणि आठ नंबरचं बंद.

मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हणजे बावीस वर्षं सकाळचं ऊन माझं होतं, आणि खाल्लं त्याने?”

“कागदावर तसंच आहे, ताई. चूक माझी. मी येऊन बघायला हवं होतं.”

“ते जाऊ द्या. आता काय करायचं?”

“चूकदुरुस्तीचा लेख करायचा. तुमचं घर तुमच्या नावावर, त्यांचं त्यांच्या. तुमची सही, समोरच्यांची सही. बिल्डरचा मुलगा येतो म्हणाला. त्याला काय, त्याची दोन्ही घरं विकून झालीत.”

समोरच्यांची म्हटल्यावर मालनबाईंचा चेहरा बदलला. “धनराजची?” त्या म्हणाल्या. “मग झालं काम.”

धनराज अहिरराव सटाण्याकडचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी शेतातल्या कांद्याच्या गोण्या या बोळात रचल्या होत्या. मालनबाईंच्या मालकांना दम्याचा त्रास. त्यांनी सोसायटीत तक्रार केली. कमिटीच्या लोकांनी गोण्या ओढल्या, एक फाटली आणि कांदे तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत घरंगळत गेले. सगळी इमारत दारात येऊन हसली. धनराज एकेक कांदा वेचत खाली गेले आणि त्या दिवसापासून बोलायचे बंद झाले. पुढच्या वर्षी मालक वारले, तेव्हा धनराजांनी दार उघडलं नाही. त्यांची बायको संध्या पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आली, तर मालनबाईंनी तो तसाच परत पाठवला.

“त्यांना एकदा विचारून तर बघा,” सहादू म्हणाले.

“माझे गुडघे गेलेत भाऊ, नाक नाही गेलं.”

तेव्हा सहादू उठले आणि त्यांनीच समोरची बेल वाजवली.

धनराज बनियनवरच बाहेर आले. सहादूंनी दारातच सगळं सांगितलं. आपली चूकही सांगितली, दोनदा. धनराजांचा आवाज चढला.

“म्हणजे ती माझं घर विकतेय?”

“तसं नाही. कागदावर...”

“कागदावर, कागदावर! बावीस वर्षं घरपट्टी भरतोय मी. ती काय हिच्या घराची भरली?”

“दोन्ही घरपट्ट्या सारख्याच आहेत, साहेब.”

“वा! म्हणजे हिशोब चोख. फक्त घर चुकलं!” धनराज हसले, पण ते हसणं बरं नव्हतं. “लोकांची घरं लिहिता तुम्ही आणि घर कुठे आहे ते माहीत नाही? माले काय करनं शे! मी नाही येत कुठे. गरज तिची आहे. तिने या दारात यावं आणि मागावं. मग बघू.”

सहादू आयुष्यात कुणाशी वर आवाजात बोलले नव्हते. आताही नाही बोलले. हातातली दोन्ही खरेदीखतं त्यांनी नीट जुळवली आणि हळूच म्हणाले, “मागायचं तसं दोघांनाही आहे. कागदाप्रमाणे रस्त्याकडचं घर त्यांचं आहे. तुमच्या नावावर मागचं.”

आतून संध्याबाई बाहेर आल्या. त्या बहुतेक दाराआडच होत्या. “ऐकलंत का?” त्या म्हणाल्या. “उद्या आपल्या पोरांनी विकायला काढलं, तर हेच. तेव्हा कोणाच्या दारात जाणार? सही करून टाका.”

“मी तिच्याशी बोलणार नाही.”

“सहीला तोंड लागत नाही,” सहादू म्हणाले.

समोरून, उघड्या दारातून, मालनबाईंचा आवाज आला. “पगारे भाऊ, त्यांना सांगा, रस्ता त्यांना लखलाभ. मला तळमजला पाहिजे.”

“हिला सांगा, मी बहिरा नाही,” धनराज म्हणाले आणि आत गेले.

हा होकारच होता. पण सहादूंना त्याचा आनंद झाला नाही. जिना उतरताना ते आठवत राहिले, की त्या वर्षी आपण असे किती दस्त लिहिले. किती दारांवर रंगाऱ्याने नंबर टाकले असतील आणि किती जण आज शेजाऱ्याच्या घरात निवांत झोपत असतील. मोजायला त्यांनी कधी काही ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं असतं तरी आता एवढे जिने त्यांच्याने चढवले नसते.

आजारी माणसाच्या घरी येऊन नोंदणी करायची सोय असते. त्याचा अर्ज सहादूंनी केला, पण तारीख मिळाली ती पुढच्या महिन्यातली, आणि तोवर तळमजला हातचा जाणार होता. मालनबाईंना खाली नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मंगळवारी साडेअकराचं टोकन घेतलं. वॉचमन जयराम आणि त्याचा मेहुणा, दोघांनी बाईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उतरवायचं ठरलं. मंगळवारी जयराम एकटाच आला.

“मेव्हना काय उठला नाय, काका. रात्री लय उशिरा आला कामावरून.”

सहादूंनी घड्याळ पाहिलं आणि कागदांची पिशवी खांद्याला अडकवली. “मी धरतो एक बाजू.”

“तुम्ही?” मालनबाई म्हणाल्या. “भाऊ, तुम्हालाच खुर्चीत बसवायची पाळी आली.”

त्यांनी धरली. पहिल्या सात-आठ पायऱ्या निभावल्या. मग खुर्ची त्यांच्या अंगाला कलली. मालनबाईंनी कठडा घट्ट पकडला आणि डोळे मिटले. वरून कुलूप लावल्याचा आवाज आला. इस्त्रीचा शर्ट घातलेले धनराज हातात फाइल घेऊन उतरत होते. मागे संध्याबाई. जिन्यात वाट अडलेली. सगळे थांबले.

“सोडा,” धनराज सहादूंना म्हणाले. “पाडाल तिला.”

त्यांनी फाइल सहादूंकडे दिली, बाह्या सरसावल्या आणि खुर्चीचा पाय धरला. विजेच्या खांबांवर चढलेले हात होते, खुर्ची लगेच सरळ झाली. जयराम एका बाजूने ‘हळू, हळू’ म्हणत होता. मालनबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या आणि धनराज पायऱ्यांकडे. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवायची, दोन मिनिटं थांबायचं. खाली आल्यावर ऊन लागलं तसे मालनबाईंनी डोळे बारीक केले. रिक्षात बसताना म्हणाल्या, “कोपऱ्यावरचं किराणा दुकान गेलं वाटतं.” ते गेल्याला चार महिने झाले होते.

नोंदणी कार्यालयात सर्व्हर बंद होता. मग सुरू झाला. मग फोटो काढताना पुन्हा बंद पडला. बिल्डरचा मुलगा आपला नंबर लागेपर्यंत गाडीत बसून राहिला आणि येऊन सही करून गेला. बाकीचे एकाच बाकावर. मध्ये संध्याबाई, एका अंगाला धनराज, दुसऱ्या अंगाला मालनबाई. जेवणाची वेळ टळून गेली. सहादूंनी तेवढ्यात दुरुस्तीचा लेख वाचायला घेतला. सवयीप्रमाणे, अख्खा. या वेळी कुणी मोबाईल बघत नव्हतं. ‘पूर्वेस रस्ता’ आलं तेव्हा धनराज म्हणाले, “थांबा. हे कोणाचं?”

“तुमचं. आठ नंबर.”

“पुन्हा वाचा.”

सहादूंनी पुन्हा वाचलं. चूक कशी झाली हे सांगायला अशा लेखात ‘अनवधानाने’ हा एक ठरलेला शब्द असतो. सहादूंनी त्याच्या जागी लिहिलं होतं, की दस्तलेखकाने जागा प्रत्यक्ष पाहिली नव्हती. ते वाक्य वाचताना त्यांचा आवाज जरा खाली गेला.

“हे कशाला लिहिलंत?” मालनबाईंनी विचारलं.

“झालं तसं लिहिलं, ताई.”

“राहू द्या मग,” धनराज म्हणाले.

चार वाजता नंबर लागला. आतल्या ऑपरेटरने मान वर न करता विचारलं, “एकमेकांना ओळखता ना?”

धनराज आणि मालनबाई, दोघांनीही संध्याबाईंकडे पाहिलं. तेव्हा त्याने मान वर केली.

“समोर राहते,” धनराज म्हणाले.

फोटो झाले, अंगठे झाले, सह्या झाल्या. मालनबाईंचा अंगठा तिसऱ्या खेपेला उमटला. शिक्क्याचा आवाज ऐकून सहादूंना आपण सकाळपासून काही खाल्लं नाही हे आठवलं.

परतीचं कुणीच ठरवलं नव्हतं. रिक्षा इमारतीशी थांबली. जयरामने खुर्ची आणून ठेवली आणि धनराजांकडे पाहिलं. धनराजांनी पुन्हा बाह्या सरसावल्या. चढण उतरणीपेक्षा फार जड गेली. पहिल्या मजल्यावर दोघं धापा टाकत थांबले, दुसऱ्यावर धनराज पायरीवरच बसले. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“जयराम,” मालनबाई म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, दम खा जरा. घाई नाही.”

“बाई म्हणत्यात...”

“ऐकलं,” धनराज म्हणाले.

मागच्या पायऱ्यांवर कठड्याला टेकून सहादू उभे होते. आता बँकेला कागद द्यायचे, मग खरेदीखत. म्हणजे बाईंना पुन्हा एकदा खाली न्यायचं आणि त्याच दिवशी तळमजल्याचाही दस्त करायचा. ते झालं की पुन्हा वर यायला नको. पण ते एकदा कसं होणार, याचा विचार करायचंही त्राण त्यांच्यात राहिलं नव्हतं.

“खरेदीखत कधी धरलंय?” धनराजांनी खालीच बघत विचारलं.

“पुढच्या गुरुवारी.”

“गुरुवारी मी सटाण्याला जातोय.” त्यांनी मनगटाने कपाळ पुसलं. “बुधवारी घ्या.”

सहादूंनी मालनबाईंकडे पाहिलं.

“बुधवारी घ्या, भाऊ,” त्या म्हणाल्या.

धनराज उठले, खुर्चीला हात घातला आणि जयरामला म्हणाले, “चल, उचल.” सहादूंनी पिशवीतून डायरी काढली, गुरुवार खोडला, आणि त्यांच्या मागून उरलेला मजला चढायला लागले.